‘तो म्हणाला की…’ हे इंग्रजीत नेताना

नोकरीला लागून महिना झाला नव्हता. साहेब निघता निघता म्हणाले, ‘त्यांना कळवून टाक, मी उद्या फाइल पाठवतो.’ मी लगेच समोरच्या कंपनीतल्या माणसाला इंग्रजीत मेल टाकला : ‘सर टोल्ड दॅट आय विल सेंड द फाइल टुमॉरो.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, तोही थेट मलाच. ‘मॅडम, फाइल पाठवणार होतात ना तुम्ही?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या वाक्यात फाइल पाठवणारी मीच होते.

मराठीत हेच वाक्य कोणालाही खटकत नाही. ‘सरांनी सांगितलं की मी उद्या फाइल पाठवतो’ म्हटलं तर पाठवणार सर, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. कारण मराठीत ‘की’ आला की पुढचे शब्द बहुतेक वेळा मूळ माणसाच्या तोंडचे असतात, जसेच्या तसे. इंग्रजीत ‘दॅट’ आला की पुढचे शब्द सांगणाऱ्याचे होतात. त्यातला ‘आय’ म्हणजे सांगणारा, आणि ‘टुमॉरो’ म्हणजे सांगणाऱ्याचा उद्या. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्टचे नियम पाठ केले, मार्कही मिळाले, पण हा फरक मला त्या फोननंतर समजला. खाली आहे ते सगळं त्याच एका फरकातून निघतं.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीतच दिली आहेत, तेव्हा ती मोठ्याने वाचा. वाचताना एक गोष्ट सांभाळा. दोन वाक्यं जोडणाऱ्या ‘दॅट’वर जोर नसतो, तो पटकन ‘दट’सारखा उच्चारला जातो. ‘ते’ या अर्थाचा ‘दॅट’ मात्र ठसठशीत. ‘आय नो दॅट दॅट इज राँग’ या वाक्यात पहिला हलका आणि दुसरा जड म्हटलात की वाक्य आपोआप सुटं होतं.

पायरी 1 : सांगाडा उभा करा

क्रम असा : कोण, त्याने काय केलं (म्हणाला, सांगितलं, वाटलं), मग ‘दॅट’, मग एक संपूर्ण वाक्य. ‘शी सेड दॅट शी वॉज टायर्ड.’ ‘वी नो दॅट द ऑफिस इज क्लोज्ड.’

‘संपूर्ण’ या शब्दाकडे नीट बघा. मराठीत ‘येतो म्हणाला’ एवढ्यावर भागतं, कर्ता क्रियापदात लपलेला असतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट इज कमिंग’ चालत नाही. दॅटनंतर पुन्हा कर्ता हवा : ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग.’ तोच ‘ही’ दोनदा आला म्हणून बिचकू नका.

मराठीत आपल्याला बऱ्याच सोयी आहेत. ‘येतो असं म्हणाला’, ‘येतो म्हणून सांगितलं’, ‘म्हणाला की येतो’, कसंही सांगा. आधी निरोप, मग माणूस, हे आपल्या कानाला अगदी सरळ वाटतं. इंग्रजीत शिकताना मात्र माणूस आधीच ठेवा. आणि ते ‘असं’ इंग्रजीत न्यायचं नाही. ‘ही सेड लाइक दॅट दॅट…’ हे त्या ‘असं’चं ओझं वाहणारं वाक्य आहे.

दॅटच्या आधी स्वल्पविराम नाही, नंतरही नाही. अवतरणचिन्हंही नाहीत, कारण शब्द आता तुमचे आहेत.

पायरी 2 : सांगितलं, पण कोणाला?

माझ्या मेलमधली पहिली चूक ‘टोल्ड दॅट’ ही होती. ‘टेल’च्या पाठोपाठ माणूस लागतो. टोल्ड मी, टोल्ड हर, टोल्ड द मॅनेजर. ‘से’च्या पाठोपाठ माणूस येत नाही. आणायचाच झाला तर ‘टू’ घालून.

‘ही टोल्ड मी दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.’
‘ही सेड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.’

‘ही सेड मी’ चूक, ‘ही टोल्ड दॅट’ही चूक. आपण अडखळतो ते ‘सांगणे’मुळे. ‘त्याने सांगितलं की बैठक रद्द झाली’ यात कोणाला सांगितलं हे न बोलताही मराठी वाक्य पुरं होतं, म्हणून हात ‘टोल्ड दॅट’ लिहून मोकळा होतो. माझा साधा उपाय असा : ‘टोल्ड’ लिहिलं की पुढे माणूस आहे का ते पाहायचं, आणि नसला तर ‘टोल्ड’ खोडून ‘सेड’ करायचं. पन्नास मेलमध्ये एवढं पाळलंत तर नंतर पाळावं लागणार नाही.

बाकीची क्रियापदंही याच दोघांच्या मागे उभी आहेत. ‘टेल’च्या घरची, म्हणजे माणूस मागणारी : इन्फॉर्म, रिमाइंड, अश्युअर, कन्व्हिन्स. ‘शी रिमाइंडेड मी दॅट द लास्ट डेट वॉज फ्रायडे.’ ‘से’च्या घरची, म्हणजे माणूस आलाच तर ‘टू’ घेऊन येणारी : एक्स्प्लेन, सजेस्ट, मेन्शन, ॲडमिट, कंप्लेन, अनाउन्स. ‘ही एक्स्प्लेन्ड टू अस दॅट द सर्व्हर वॉज डाउन.’ यातलं ‘एक्स्प्लेन्ड अस’ आणि ‘सजेस्टेड मी’ हे रोज कानावर पडतं, इतकं की बरोबर वाटू लागतं. ‘प्रॉमिस’ आणि ‘वॉर्न’ दोन्ही घरी राहतात. माणूस घाला, नाहीतर घालू नका.

एक क्रियापद मात्र या वाटेने येतच नाही : ‘डिस्कस’. ‘बैठकीत चर्चा झाली की काम लांबलंय’ याचं ‘वी डिस्कस्ड दॅट द वर्क वॉज डिलेड’ होत नाही. चर्चा एखाद्या विषयाची होते : ‘वी डिस्कस्ड द डिले.’ चर्चेतून काही ठरलं असेल तर ‘वी अग्रीड दॅट…’ म्हणा.

पायरी 3 : ‘मी’ कोण ते ठरवा

इथे घाई करू नका. पुस्तकात या जागी सर्वनामांचा तक्ता असतो. तक्ता पाठ करून काहीच हाती लागत नाही, कारण उत्तर वाक्यात नसतं. आत्ता कोण कोणाला सांगतंय, यावर ते अवलंबून असतं.

समजा मैत्रीण तुम्हाला म्हणाली, ‘माझी छत्री तुझ्याकडे राहिली आहे.’ हे तुम्ही घरी कोणाला सांगताय : ‘शी सेड दॅट हर अम्ब्रेला वॉज विथ मी.’ हेच तुम्ही दोन दिवसांनी त्या मैत्रिणीलाच आठवण करून देताय : ‘यू सेड दॅट युअर अम्ब्रेला वॉज विथ मी.’ आणि हे बोलणं शेजारी बसून ऐकणारी तिसरी व्यक्ती तुमच्याबद्दल कोणाला सांगतेय, तुम्ही पुरुष आहात असं धरू : ‘शी टोल्ड हिम दॅट हर अम्ब्रेला वॉज विथ हिम.’ मूळ वाक्य एकच, छत्री एकच, आणि इंग्रजी वाक्यं तीन.

म्हणून दॅट लिहिल्यावर क्षणभर थांबायचं आणि मूळ माणसाला खोलीबाहेर पाठवायचं. आता बोलणारे तुम्ही एकटे. तुमच्या जागेवरून ती छत्री कोणाची? ‘तिची.’ ती कोणाकडे आहे? ‘माझ्याकडे.’ झालं वाक्य. साहेबांच्या निरोपाचंही तेच. माझ्या जागेवरून फाइल कोण पाठवणार? ‘ते.’ म्हणून ‘ही’, ‘आय’ नाही.

इंग्रजीची इथे एक दुबळी बाजू आहे आणि ती सांगताना मला थोडा आनंदही होतो. ‘ही टोल्ड हिज ब्रदर दॅट हिज लॅपटॉप वॉज ब्रोकन’ या वाक्यात लॅपटॉप कोणाचा मोडला, त्याचा की भावाचा? कळायला मार्ग नाही. मराठीत ‘आपला लॅपटॉप मोडला’ आणि ‘त्याचा लॅपटॉप मोडला’ असं वेगळं सांगता येतं. इंग्रजीत असा घोळ होतोय असं दिसलं तर हट्ट सोडा आणि नाव लिहा, किंवा वाक्यच मोडून दोन करा.

पायरी 4 : काळ एक पाऊल मागे, पण डोळे झाकून नाही

‘म्हणाला’ हे क्रियापद भूतकाळात असेल तर दॅटनंतरचा काळही सहसा एक पाऊल मागे जातो. इज चं वॉज, हॅज डन चं हॅड डन, विल चं वुड, कॅन चं कुड, मे चं माइट. ‘मस्ट’ तसाच राहतो किंवा ‘हॅड टू’ होतो. वुड, कुड, शुड, माइट आधीच मागे उभे आहेत, त्यांना हलवू नका. साधा भूतकाळ ‘हॅड’ लावून आणखी मागे नेता येतो. पण कोणती गोष्ट आधी घडली ते स्पष्ट असेल तर नाही नेला तरी चालतं.

क्रियापद वर्तमानात असेल, म्हणजे ‘ही सेज’ किंवा ‘शी थिंक्स’, तर काही हलवायचं नाही. ‘ही सेज दॅट ही इज बिझी.’

आता शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली गोष्ट. सांगितलेली गोष्ट अजूनही खरी असेल तर काळ मागे नेण्याची सक्ती नाही. ‘शी सेड दॅट शी लिव्ह्ज नियर द स्टेशन’ म्हटलं तर ती अजून तिथेच राहते. ‘शी सेड दॅट शी लिव्ह्ड नियर द स्टेशन’ यात ती आजही तिथे असेल, नसेलही. मी फक्त तिचं तेव्हाचं बोलणं सांगतेय.

हा फरक खगोलशास्त्राच्या इतिहासात फार छान दिसतो. टॉलेमीला वाटायचं की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. इंग्रजीत : ‘टॉलेमी बिलीव्ह्ड दॅट द सन वेंट राउंड दि अर्थ.’ इथे ‘गोज’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्हालाही तसंच वाटतं. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 साली छापून आला. त्याच्याबद्दल मात्र ‘कोपर्निकस आर्ग्यूड दॅट दि अर्थ गोज राउंड द सन’ असं बिनदिक्कत लिहिता येतं, ‘वेंट’ही चुकीचं नाही. तेव्हा वर्तमानकाळ ठेवणं म्हणजे त्या म्हणण्याखाली आपली सही करणं. सही करायची नसेल तर काळ मागे न्या. मला हा एकच नियम सगळ्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडला.

काळवेळेच्या शब्दांनाही हाच न्याय. टुडे चं दॅट डे, टुमॉरो चं द नेक्स्ट डे, यस्टरडे चं द डे बिफोर, हिअर चं देअर. पण हा बदल दिवस आणि जागा खरोखर बदलली असेल तरच. साहेब आज म्हणाले, मी आजच कळवतेय, तर त्यांचा उद्या तोच माझाही उद्या. म्हणून माझा मेल असा हवा होता : ‘सर टोल्ड मी दॅट ही विल सेंड द फाइल टुमॉरो.’ ‘वुड’ही चाललं असतं. हीच गोष्ट आठवड्याने सांगायची तर ‘ही सेड दॅट ही वुड सेंड द फाइल द नेक्स्ट डे’. परीक्षेत ‘टुमॉरो’ दिसला की ‘द नेक्स्ट डे’ करायची सवय लागते, आणि मग त्याच दुपारच्या मेलमध्येही लोक ‘द नेक्स्ट डे’ लिहितात. वाचणारा विचारात पडतो, कुठल्या दिवसाचा नेक्स्ट?

पायरी 5 : जिथे ‘की’ आहे पण ‘दॅट’ नाही

मराठीतला ‘की’ सगळीकडे जातो. ‘त्याने विचारलं की तू कुठे राहतोस.’ ‘तिने सांगितलं की दार लाव.’ ‘मला वाटतं की तू यावंस.’ इंग्रजीतला दॅट फक्त विधानापुरता आहे. प्रश्न आला, आज्ञा आली, इच्छा आली की तो बाजूला होतो.

प्रश्न असेल तर प्रश्नाचा शब्दच जोडणीचं काम करतो : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ असं लिहिलंत तर त्यात दोन चुका आहेत. दॅट नको, आणि ‘डू’ही नको, कारण आतला प्रश्न आता सरळ वाक्यासारखा लिहायचा असतो. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ : ‘शी आस्क्ड इफ आय हॅड पेड.’ शेवटी प्रश्नचिन्ह नाही.

आज्ञा किंवा विनंती असेल तर ‘टू’ : ‘शी टोल्ड मी टू क्लोज द डोअर’, आणि नको म्हटलं असेल तर ‘नॉट टू’.

इच्छा असेल तर : ‘आय वाँट यू टू कम.’ ‘आय वाँट दॅट यू कम’ हे मराठी मनाला फार सरळ वाटतं, पण ते इंग्रजी नाही.

‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’ हे मधले लोक. ते दॅट घेतात, पण कोणी काय करावं हे सांगताना पुढचं क्रियापद बहुधा उघडंच ठेवतात : ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक अ वीक ऑफ.’ ‘टेक्स’ नाही, ‘टुक’ नाही. कानाला हे विचित्र वाटत असेल तर ‘शुड टेक’ म्हणा, तेही बरोबर आहे.

पायरी 6 : मनातलं सांगताना

‘मला वाटतं’ यातला ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ होतो, हे सगळ्यांना येतं. अडचण ‘मला वाटतंय’ची आहे. त्यातून ‘आय ॲम थिंकिंग दॅट ही इज राइट’ तयार होतं. मत सांगायचं असेल तर साधं ‘आय थिंक’. ‘थिंकिंग’ तेव्हाच, जेव्हा डोक्यात खरोखर काही शिजतंय : ‘आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब.’

नकार कुठे ठेवायचा? इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘मला नाही वाटत तो येईल’ असं आपण सहज म्हणतो, इंग्रजीही तेच करते : ‘आय डोन्ट थिंक दॅट ही विल कम.’ नकार ‘थिंक’वर. लिहिताना मात्र आपण उगाच पुस्तकी होऊन ‘आय थिंक दॅट ही विल नॉट कम’ लिहितो. ते चूक नाही, फक्त जरा ताठ वाटतं. ‘होप’ला ही सवय नाही. तिथे नकार आतल्या वाक्यातच राहतो : ‘आय होप दॅट ही डझन्ट कम.’ ‘आय डोन्ट होप’ कोणी म्हणत नाही. छोट्या उत्तरांतही तसंच : ‘आय डोन्ट थिंक सो’, पण ‘आय होप नॉट’.

या पायरीवरचा खरा खड्डा म्हणजे ‘डाउट’. आपण म्हणतो, ‘मला शंका आहे की त्यानेच कागद हलवले.’ म्हणजे त्यानेच हलवले असावेत असं आपल्याला वाटतं. याचं ‘आय डाउट दॅट ही मूव्ह्ड द पेपर्स’ केलंत तर अर्थ नेमका उलटा होतो : त्याने हलवले असतील असं मला वाटत नाही. संशयाचा माणूस निर्दोष सुटतो! संशय घ्यायचा असेल तर ‘सस्पेक्ट’ : ‘आय सस्पेक्ट दॅट ही मूव्ह्ड द पेपर्स.’ ही चूक व्याकरण तपासणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडणे कठीण, कारण वाक्य म्हणून दोन्ही शुद्ध आहेत.

पायरी 7 : ‘सेड’ सोडून दुसरं काही?

नवशिक्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की ‘सेड’ सारखं सारखं वापरू नका. मी उलट सांगेन : शंका असेल तेव्हा ‘सेड’च वापरा. ते निष्पक्ष आहे. बाकीची क्रियापदं बोलणाऱ्याबद्दल तुमचं मतही सांगून टाकतात.

‘ही क्लेम्ड दॅट ही हॅड पेड’ : तो म्हणतो खरं, पण मी जबाबदारी घेत नाही. ‘ही पॉइंटेड आउट दॅट ही हॅड पेड’ : त्याने पैसे दिले होतेच, आम्ही विसरलो होतो. ‘ही ॲडमिटेड दॅट ही हॅड पेड’ : पैसे देणं हीच त्याची लपवायची गोष्ट होती. ‘ही इन्सिस्टेड दॅट ही हॅड पेड’ : समोरचे मानत नव्हते, तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कामाच्या मेलमध्ये ग्राहकाबद्दल ‘क्लेम्ड’ लिहिणं म्हणजे त्याला जवळजवळ खोटारडा म्हणणं. मराठीतल्या ‘दावा केला’पेक्षा याची धार जास्त आहे, जपून.

‘डिनाय’च्या पोटात नकार आधीच आहे. ‘त्याने नाकारलं की मी फोन घेतला नाही’ असं आपण कधीकधी बोलून जातो, इंग्रजीत मात्र तो दुसरा नकार अर्थ फिरवतो. ‘ही डिनाइड दॅट ही हॅड टेकन द फोन.’ बस.

‘असं म्हणतात की’ याला ‘इट इज सेड दॅट’, ‘असं मानलं जातं की’ याला ‘इट इज बिलीव्ह्ड दॅट’. नामांपुढेही दॅट येतो : द न्यूज दॅट, द फॅक्ट दॅट. विशेषणांपुढेही : आय ॲम शुअर दॅट, शी वॉज अफ्रेड दॅट. नियम तेच आहेत, वेगळं काही शिकायला नको.

पायरी 8 : दॅट कधी गाळायचा

ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल, इंग्रजी बोलणारे बहुतेक वेळा दॅट खातात. ‘आय थिंक ही इज राइट.’ 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या इंग्रजी व्याकरणासाठी चार कोटींहून जास्त शब्दांचा संग्रह तपासला होता. त्यात हेच दिसलं : गप्पांमध्ये दॅट गाळणं ही रीत, आणि शास्त्रीय लेखनात तो ठेवणं ही रीत. म्हणजे प्रश्न चूक-बरोबरचा नाही, जागेचा आहे. बोलताना सेड, थिंक, नो, होप यांच्यानंतर खुशाल गाळा. लिहिताना सुरुवातीला ठेवा. ठेवल्याने काही बिघडत नाही, गाळल्याने कधीकधी बिघडतं.

बिघडतं ते असं. ‘ही सेड ऑन मंडे ही वुड रिझाइन.’ सोमवारी म्हणाला, की सोमवारी राजीनामा देणार? ‘ही सेड ऑन मंडे दॅट…’ लिहिलं की म्हणाला सोमवारी. ‘ही सेड दॅट ऑन मंडे…’ लिहिलं की राजीनामा सोमवारी. मध्ये वार किंवा वेळ आली की दॅट घालायचाच.

दुसरं : ‘शी बिलीव्ह्ड द मॅनेजर वॉज लाइंग.’ वाचणारा ‘शी बिलीव्ह्ड द मॅनेजर’पर्यंत पोचतो तेव्हा त्याला वाटतं, तिने मॅनेजरवर विश्वास ठेवला. दोन शब्द पुढे गेल्यावर कळतं की नेमकं उलटं आहे, मग तो मागे येतो. एक दॅट घातला असता तर हा हेलपाटा वाचला असता.

तिसरं : दोन गोष्टी ‘अँड’ने जोडल्या असतील तर दुसऱ्या गोष्टीलाही दॅट लावा. ‘ही सेड दॅट द रिपोर्ट वॉज रेडी अँड दॅट द क्लायंट वॉज हॅपी.’ दुसरा दॅट काढलात तर ग्राहक खूश आहे हे तो म्हणाला की तुम्ही म्हणताय, ते कळत नाही.

आता एक पूर्ण निरोप

सहकारी मैत्रिणीचा सकाळी फोन आला : ‘मला बरं वाटत नाहीये, मी आज येणार नाही. अहवाल कालच पूर्ण केलाय. तुला मिळाला का? मिळाला नसेल तर मला फोन कर. आणि मला वाटतं, आपण बैठक पुढे ढकलावी.’

खाली वाचण्याआधी कागदावर स्वतः लिहून पाहा. आठवड्याने वरिष्ठांना सांगायचंय असं धरा.

‘शी सेड दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल अँड दॅट शी वुड नॉट बी कमिंग दॅट डे. शी टोल्ड मी दॅट शी हॅड फिनिश्ड द रिपोर्ट द डे बिफोर. शी आस्क्ड इफ आय हॅड रिसीव्ह्ड इट अँड टोल्ड मी टू कॉल हर इफ आय हॅडन्ट. शी ऑल्सो सजेस्टेड दॅट वी पोस्टपोन द मीटिंग.’

फोन ठेवल्या ठेवल्या शेजारच्या टेबलावर सांगायचं असेल तर एवढा पसारा लागत नाही. ‘शी सेज शी इज नॉट फीलिंग वेल अँड वोन्ट बी कमिंग टुडे.’ क्रियापद वर्तमानात, काळ जागच्या जागी, दॅट गायब.

पहिल्या उताऱ्यात मैत्रिणीच्या ‘मला वाटतं’चं ‘शी थॉट’ झालं नाही, ‘सजेस्टेड’ झालं. ती मत सांगत नव्हती, आडून सुचवत होती. ‘शी थॉट’ लिहिलं असतं तर वाक्य शुद्धच राहिलं असतं, पण वरिष्ठांनी वाचून सोडून दिलं असतं आणि बैठक ठरल्या वेळीच झाली असती.